इंडेक्सवर घेतलेला आळ

माजलगावातल्या कुठल्याही पतसंस्थेत, मोंढ्यातल्या आडतीवर किंवा कारखान्याच्या शेतकी खात्यात जाऊन विचारा, सर्व्हर कशानं बसतो? उत्तर ठरलेलं आहे: 'इंडेक्स करायला घेतला की बसतो.' पाठोपाठ उपायही ठरलेला: 'मग करू नका ना इंडेक्स!' हा सल्ला आता इतका मुरलाय की एका संस्थेला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यानं तो लेटरहेडवर टाइप करून, सही-शिक्क्यानिशी दिला. पत्राचा मथितार्थ असा: टेबलांवरचे इंडेक्स सर्व्हरवर ताण आणतात, ते काढून टाकावेत. डेटाबेस फुकटातला आहे, म्हणून भरवशाचा नाही. माजलगावचं ऊन आणि लाइट पाहता इथं सर्व्हर टिकायचा नाही. सबब सगळं क्लाउडवर न्यावं. कोटेशन सोबत जोडलं आहे.

संस्थेचं नाव घेत नाही, पुरवठादाराचंही नाही. एकट्या त्याचाच प्रश्न असता तर लिहायची गरज नव्हती. पण ही विधानं तालुक्याच्या गावात शहाणपण म्हणून खपतात, संचालक मंडळाच्या बैठकीत माना डोलावून मंजूर होतात आणि त्यांच्यावर पैसा खर्च होतो. म्हणून एकेक करून त्यांचा समाचार घेतो.

इंडेक्स काढा म्हणणाऱ्यांना इंडेक्स काय करतो हे तरी ठाऊक आहे का, अशी मला शंका आहे. खातेदार खिडकीपाशी उभा आहे आणि कारकुनानं खाते क्रमांक टाकला. टेबलात दोन कोटी नोंदी असल्या तरी इंडेक्स असेल तर डेटाबेस तीन-चार पानं उलटून थेट त्या नोंदीपाशी पोचतो. नसेल तर पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं टेबल वाचावं लागतं, आणि हे प्रत्येक खिडकीवर, प्रत्येक खातेदारासाठी. ज्या बी-ट्री रचनेवर हे चालतं ती रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट या दोघांनी बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७० च्या सुमारास मांडली. त्यानंतर बाजारात आलेला जवळजवळ प्रत्येक डेटाबेस तिच्यावरच उभा आहे. ती काढून टाकल्यावर सर्व्हर पडत नाही, हे खरं. तो रांगायला लागतो.

रांगण्याची किंमत गळितात कळते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्याला घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ते पाळलं जातं की नाही हा वेगळा विषय आहे, आणि त्यावर लिहायला माजलगाव तालुक्यात माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत. पण काट्यावरची वजनं, नोंदीचं क्षेत्र, तोडणी-वाहतुकीची कपात, सोसायटीची वसुली हे सगळं जुळवून बिल काढणारा संगणक प्रत्येक बिलापायी सगळी टेबलं पालथी घालायला लागला, तर एका रात्रीत निघणारा पंधरवडा चार दिवस रेंगाळतो. शिव्या मग शेतकी खात्यातल्या पोराला बसतात. इंडेक्स काढायचा सल्ला देणारा तेव्हा समोर नसतो.

आता मूळ आरोप: 'पण बसतो तर इंडेक्स करतानाच ना?' हो, तेव्हाच बसतो. का, ते ऐका. रोजच्या कामात डेटाबेस टेबलाचा थोडासाच भाग हाताळतो. या वर्षीची खाती, या महिन्याच्या पावत्या. बारा वर्षांपूर्वीच्या नोंदी डिस्कच्या कोपऱ्यात पडून असतात, त्यांना कुणी हात लावत नाही. इंडेक्स बांधताना मात्र टेबलातलं एकूण एक पान वाचावं लागतं, सगळ्या किमती क्रमानं लावाव्या लागतात, त्यासाठी भरपूर मेमरी लागते, मेमरी पुरली नाही तर डिस्कवर तात्पुरत्या फायली लिहाव्या लागतात, आणि शेवटी नवा इंडेक्स लिहून काढावा लागतो. मशीनचा प्रत्येक अवयव एकाच वेळी कामाला जुंपणारं एवढं एकच काम वर्षाकाठी होतं. रॅमची एखादी पट्टी कच्ची असेल, डिस्कचं एखादं पान सडलेलं असेल, जागा संपत आलेली असेल, तर ते याच वेळी उघडं पडणार. ऑडिटरनं अफरातफर शोधली म्हणून ऑडिटरलाच हाकलून देणारी संस्था आपण पाहिलेली आहे. इंडेक्स काढा म्हणणारे त्याच जातकुळीतले.

पत्र ज्या संस्थेला आलं तिथं काय घडलं होतं ते सांगतो. जुनं मशीन थकलं म्हणून आठ जीबी रॅमचं नवं घेतलं. जुन्या मशीनवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप नव्यावर चढवायला लावला. नोंदी सगळ्या बिनबोभाट आल्या. बॅकअप चढवताना आधी नोंदी येतात आणि अगदी शेवटी इंडेक्स बांधले जातात. त्या शेवटच्या टप्प्याला दर वेळी सगळं कोसळायचं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, इंडेक्सचं नाव स्क्रीनवर असताना. आळ यायला याहून जास्त काय लागतं?

कुणी लॉग उघडला नव्हता. तो उघडल्यावर त्यात सरळ लिहिलेलं सापडलं की एक प्रोसेस 'सिग्नल ९' नं संपवली गेली. पोस्टग्रेस स्वतःहून सिग्नल ९ नं मरत नाही. त्याला बाहेरून मारावं लागतं. मारणारा कोण, ते लिनक्सच्या कर्नलच्या लॉगमध्ये त्याच मिनिटाला नोंदलेलं होतं: मेमरी संपली, म्हणून सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसचा बळी दिला. प्रोसेसचं नाव आणि क्रमांकसुद्धा तिथं होता. एक प्रोसेस अशी मारली गेली की सामायिक मेमरीत काही अर्धवट राहिलं असेल या भीतीनं पोस्टग्रेस बाकी सगळी कनेक्शनं तोडतो आणि स्वतःला सावरून पुन्हा उभा राहतो. काउंटरवरच्या माणसाला एवढंच दिसतं की सगळ्या खिडक्या एकदम बंद पडल्या.

मेमरी का संपली? सेटिंगच्या फाइलमध्ये कुणीतरी कुठूनतरी उतरवून सामायिक मेमरी चार जीबी ठेवली होती. इंडेक्स बांधण्यासाठी जी 'मेंटेनन्स वर्क मेमरी' लागते, ती मुळात ६४ एमबी असते. ती दोन जीबी केली होती. वर बॅकअप चढवताना वेळ वाचावा म्हणून आठ कामं एकदम सोडलेली. प्रत्येक कामाला दोन जीबीपर्यंत मुभा, म्हणजे सोळा. त्यात सामायिक चार. मशीनमध्ये आठ. पहिलीतल्या पोराला जमेल असा हा हिशोब आहे, आणि तो न करता चार पानी पत्र लिहिलं गेलं. आठाची दोन कामं केली, दोन जीबीचे ५१२ एमबी केले, चार जीबीचे दोन केले. रात्री लावलेले इंडेक्स सकाळी काउंटर उघडायच्या आत तयार होते. मेमरी कमी दिली तर इंडेक्स अडत नाही. तो तुकड्या-तुकड्यांनी क्रम लावून डिस्कवर ठेवतो आणि मग तुकडे जुळवतो; वेळ जास्त लागतो, इतकंच.

आता 'फुकटातला डेटाबेस'. फुकट म्हणून कमअस्सल हा समज आपल्याकडे रेशनच्या धान्यापासून चालत आलाय, तो डेटाबेसला चिकटवू नका. पोस्टग्रेसची मुळं १९८६ पासून बर्कले विद्यापीठात आहेत. मायएसक्यूएल १९९५ पासून आहे. आणि गंमत बघा: जे डेटाबेस 'कोसळतात' म्हणून आपण नाक मुरडतो, ते पुष्कळदा जाणूनबुजून कोसळतात. मायएसक्यूएलच्या इनोडीबीला डिस्कवरचं पान वाचताना त्याची बेरीज जुळली नाही, तर खोटा आकडा दाखवण्यापेक्षा तो थांबतो. आत कुठंतरी ६०० सेकंदांहून जास्त काळ ताटकळत राहावं लागलं, तर सर्व्हर अडकलाय असं मानून तो स्वतःच स्वतःला बंद पाडतो आणि लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहितो. लिनक्स डिस्कवर लिहिण्यातली चूक एकदा सांगून पुढच्या वेळी विसरून जातो, हे २०१८ साली पोस्टग्रेसवाल्यांच्या लक्षात आलं. म्हणून २०१९ च्या आवृत्त्यांपासून त्यांनी ठरवलं की असं झालं तर पुन्हा प्रयत्न करत बसायचं नाही, तडक बंद व्हायचं. खातेदाराची शिल्लक चुकीची दाखवणाऱ्या सर्व्हरपेक्षा बंद पडलेला सर्व्हर मला केव्हाही चालेल. पैशाच्या व्यवहारात असलेल्या प्रत्येकाला चालायला हवा.

उलट बाजूला, 'कंपनीचा' म्हणून जो डेटाबेस इथल्या ऑफिसांत मिरवतो तो बहुतेक वेळा एसक्यूएल सर्व्हरची एक्स्प्रेस आवृत्ती असते. तीही फुकटच आहे! २०२२ पर्यंतच्या एक्स्प्रेसमध्ये एका डेटाबेसला दहा जीबीची मर्यादा, आणि मशीनमध्ये ३२ जीबी रॅम घातली तरी डेटाची पानं ठेवायला ती १४१० एमबीपलीकडे वापरत नाही. दहा जीबीच्या काठावर आलेल्या डेटाबेसवर इंडेक्स बांधायला घेतला तर तो जागेअभावी नापास होणारच. त्या वेळी आमचे पुरवठादार 'सर्व्हर क्रॅश झाला' म्हणतात. तो क्रॅश नव्हे, नकार आहे. दोन्हींचा उपाय वेगळा.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, नाहीतर मीही त्या पत्रासारखाच एकांगी ठरेन. कधी कधी दोष खरोखर डेटाबेसचा असतो. पोस्टग्रेस १४ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत, १४.० ते १४.३, काम चालू ठेवून इंडेक्स बांधण्याच्या पद्धतीत चूक होती आणि त्यातून इंडेक्स बिघडू शकत होते. ती जून २०२२ मध्ये १४.४ नं दुरुस्त केली. दुरुस्ती फुकट होती, काही मिनिटांची होती. प्रश्न इतकाच की आपल्याकडे सर्व्हर बसवल्यानंतर त्याची आवृत्ती कोण तपासतं? ज्या दिवशी बसवला त्या दिवशीची आवृत्ती मशीन भंगारात जाईपर्यंत तशीच.

मराठीत नावं साठवणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. अक्षरांचा क्रम डेटाबेस पुष्कळदा ऑपरेटिंग सिस्टिमकडून उसना घेतो. लिनक्सच्या जी-लिब-सी या मूळ लायब्ररीच्या २०१८ च्या २.२८ आवृत्तीत अनेक भाषांच्या क्रमवारीत मोठे बदल झाले. उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर किंवा सेंटओएस ७ वरून ८ वर गेलेल्या मशीनमध्ये डेटाच्या फायली तशाच राहिल्या, पण खालचा क्रम बदलला. जुन्या क्रमानं बांधलेला इंडेक्स नव्या क्रमानं शोधायला गेला की असलेली नोंद सापडत नाही. मग कारकून तीच नोंद नव्यानं भरतो. सहा महिन्यांनी कुणीतरी इंडेक्स नव्यानं बांधतो, आणि एकच खातेदार दोनदा आहे म्हणून बांधणी अडते. त्या दिवशी आरोप पुन्हा इंडेक्सवर. खरं तर सिस्टिम बदलली त्याच रात्री अक्षरांवरचे सगळे इंडेक्स नव्यानं बांधायला हवे होते. म्हणजे इथं इंडेक्स न बांधणं हाच गुन्हा होता.

उन्हाचं विधान मला सर्वांत जास्त खटकतं, कारण त्यात आपल्या गावाचा अपमान आहे आणि आपणच तो कौतुकानं मिरवतो. मे महिन्यात इथं पारा चाळीशी ओलांडतो हे कुणी नाकारत नाही. पण उन्हानं सर्व्हर बसला तर तो कसा बसतो? प्रोसेसर तापला तर आधी तो मंदावतो, मग पूर्ण मशीन बंद पडतं. फक्त डेटाबेस पडला आणि मशीन चालू राहिलं, तर उन्हाचा संबंध सुटला. गूगल आणि टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये गूगलच्या हजारो सर्व्हरांतल्या रॅमच्या चुका मोजल्या. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत चुका सापडल्या, आणि कामाचा भार लक्षात घेतला तर तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला. माजलगावची खोली म्हणजे गूगलचं डेटासेंटर नव्हे, हे मान्य. तरीही 'ऊन' म्हणून हात झटकण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडून पंख्यावरची धूळ तरी बघा. सरकीच्या पेंडीच्या दुकानामागच्या खोलीत ठेवलेल्या सर्व्हरचा पंखा मी पाहिलाय. त्यातून वारा जायला वाव नव्हता.

लाइटचं दुखणं मात्र खरं आहे, आणि ते उन्हापेक्षा वाईट आहे. इंडेक्स लिहीत असताना लाइट गेली, इन्व्हर्टरनं झटका दिला आणि डिस्क साधी घरगुती एसएसडी असली, तर 'लिहिलं' म्हणून तिनं डेटाबेसला दिलेला शब्द खोटा ठरू शकतो. अशा डिस्कमध्ये लाइट जाताना हातातलं काम पुरं करण्यापुरती साठवलेली वीज नसते. सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्कमध्ये ती असते. चांगला यूपीएस आणि तशी डिस्क एवढा हा उपाय आहे. तो क्लाउडच्या कोटेशनच्या मानानं किरकोळ आहे, बहुधा म्हणूनच पत्रात नव्हता.

आणि क्लाउड! तिथं ऊन नाही, लाइट जात नाही, मग काय बसणार, असं वाटतं. पण क्लाउडवरही तेच लिनक्स, तेच कर्नल आणि मेमरी संपली की तोच बळी. अॅमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस-सेवेतलं सर्वांत लहान मशीन एक जीबी रॅमचं असतं. कोटेशन स्वस्त दिसावं म्हणून प्रस्तावात सहसा असलंच काहीतरी टाकलेलं असतं. आपल्या आठ जीबीच्या मशीनवर जो हिशोब जमला नाही तो एक जीबीच्या मशीनवर जमेल? जागा संपली तर तिथंही डेटाबेस 'स्टोरेज फुल' म्हणून थांबतो. क्लाउडला माझा विरोध नाही. मुंबईत २०१६ पासून अॅमेझॉनचं केंद्र आहे, अनेक संस्था तिथं नीट चालतात. विरोध आहे तो निदान न करता घर बदलायला. माणूस घर बदलतो तेव्हा आजार सोबत घेऊन जातो.

निदान कसं करायचं, हे मी पत्रवाल्यांना तोंडी सांगितलं होतं, इथं लिहून ठेवतो. सर्व्हर बसला की पहिला हात रीस्टार्टच्या बटणाकडे जातो, तो आवरा. आधी लॉगची प्रत काढा. मग एकच प्रश्न विचारा: दर वेळी त्याच जागी पडतो की वेगवेगळ्या? त्याच टेबलाच्या त्याच पानापाशी पडत असेल तर डिस्कवरचं पान सडलंय. भार वाढत जाऊन ठराविक टप्प्याला पडत असेल तर मेमरीचा हिशोब चुकलाय, आणि सिग्नल ९ शोधा. आज इथं, उद्या तिथं, कधी सिग्नल ११, कधी भलतंच, असा कसलाच ताळमेळ नसेल तर रॅमवर संशय घ्या आणि मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवा. मायएसक्यूएल स्वतःच्या क्रॅशच्या संदेशात हार्डवेअर बिघडलेलं असण्याची शक्यता सांगतो, पण तो संदेश शेवटपर्यंत वाचणारा माणूस मला क्वचितच भेटलाय. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये 'पॅनिक' आणि जागा संपल्याचा उल्लेख असेल तर ज्या फोल्डरमध्ये तो आधी व्यवहार टिपून ठेवतो ते भरलंय. त्याचं कारण पुष्कळदा हे असतं की बॅकअपची बाहेरची डिस्क कुणीतरी मोबाइल चार्ज करायला काढली, प्रती तिकडे जाणं थांबलं, फायली साचत गेल्या आणि इंडेक्सनं शेवटची जागा खाल्ली.

दोन गोष्टी जीव गेला तरी करू नका. इनोडीबीची 'फोर्स रिकव्हरी' चार किंवा त्याहून वर, बॅकअप न घेता लावू नका; त्यानं उरलासुरला डेटा कायमचा जाऊ शकतो. आणि 'फॉरमॅट मारून बघू' म्हणणाऱ्याला दारातच थांबवा. फॉरमॅटमध्ये आजार जात नाही, पुरावा जातो.

हे सगळं अवघड नाही. मग तालुक्यात ते का होत नाही? कारण लॉग कुठं असतो हे संस्थेच्या माणसाला कधी सांगितलंच जात नाही. पासवर्ड पुरवठादाराकडे, चावी पुरवठादाराकडे, निदानही त्याच्याच तोंडून. बारावीनंतर एमएस-सीआयटी करून दहा-बारा हजारांवर लागलेल्या पोराकडून संचालक मंडळ जाब मागतं आणि पुरवठादाराकडून कोटेशन मागतं. हे उलटं व्हायला हवं.

मार्चअखेर वार्षिक देखभाल करारांची (एएमसी) नूतनीकरणं येतील. माजलगावातल्या संस्थांच्या सचिवांना आणि व्यवस्थापकांना माझी विनंती आहे: सही करण्याआधी करारात एक कलम घाला. सर्व्हर बंद पडला तर पुरवठादारानं दोन दिवसांच्या आत लॉगच्या प्रतीसह कारण लेखी द्यावं. ते दिल्याशिवाय त्या घटनेचं बिल मंजूर होणार नाही, आणि नव्या खरेदीचं कोटेशन त्या पत्रासोबत जोडता येणार नाही. सर्व्हरच्या पासवर्डची एक प्रत बंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत राहील. हे कलम मान्य नसेल त्या पुरवठादाराला खुशाल दुसरं गिऱ्हाईक शोधू द्या.